सुजेवरची गोळी चालेनाशी होते तेव्हा

पाय दाबला की खड्डा पडतो, वजन चार दिवसांत दोन किलोने चढते आणि लघवीची गोळी मात्र रोज ठरल्या वेळी पोटात जातच असते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या घरी हे चित्र ओळखीचे आहे. मग ‘गोळीची सवय झाली’, ‘एकदा सलाईन लावा’ असे सल्ले सुरू होतात.

गैरसमज: गोळी गिळली, म्हणजे औषध पोचले.

फ्युरोसेमाइड हे या कामाचे सर्वांत परिचित औषध. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिका मीठ परत शोषून घेतात. हे औषध नलिकेच्या आतून ते शोषण अडवते, आणि मिठापाठोपाठ पाणी बाहेर पडते. पण नलिकेत शिरायचे तर आधी आतड्यातून रक्तात उतरायला हवे. तोंडी घेतलेल्या फ्युरोसेमाइडपैकी सरासरी निम्मेच रक्तात पोचते. ही सरासरी फसवी आहे, कारण कुणात ते जेमतेम 10 टक्के असते, तर कुणात जवळजवळ सगळे.

हृदय थकले की आतड्याच्या भिंतीलाही सूज येते. तेव्हा औषध कमी शोषले जाते असे सरसकट म्हटले जाते. खरे तर ते बहुधा सावकाश शोषले जाते. हा फरक किरकोळ नाही. नलिकेतले औषध एका ठरावीक पातळीच्या वर गेले तरच ते काम करते. हळूहळू झिरपणारे औषध त्या पातळीपर्यंत चढतच नाही. शिरेतून दिले की आतड्याचा टप्पाच टळतो. म्हणूनच तोंडी 40 मिलिग्रॅमच्या जागी शिरेतून साधारण 20 मिलिग्रॅम धरले जाते.

आणि सलाईन? ते तर मिठाचेच पाणी. सुजलेल्या माणसाला नेमके तेच नको असते.

गैरसमज: सतत थेंबथेंब सोडलेले औषध जास्त लागू पडते.

अनेक डॉक्टरांचाही हाच अंदाज होता. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या ‘डोस’ चाचणीत 308 रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या: दर 12 तासांनी इंजेक्शन, किंवा अखंड धार. त्रास कमी होण्यात आणि मूत्रपिंडाच्या कामात लक्षणीय फरक आढळला नाही.

गैरसमज: गोळी थकली की रुग्णालयात भरती व्हावेच लागते.

हे आता तितकेसे खरे नाही. फ्युरोसेमाइडचे नेहमीचे इंजेक्शन अल्कधर्मी असल्याने त्वचेखाली आग होऊ शकते. त्याचा सौम्य, उदासीन प्रकार तयार झाला आणि 2022 मध्ये अमेरिकेत ‘फ्युरोसिक्स’ला मान्यता मिळाली. पोटावर चिकटवलेले छोटे यंत्र 5 तासांत 80 मिलिग्रॅम औषध त्वचेखाली सोडते: पहिल्या तासात 30, पुढे ताशी 12.5. जवळजवळ सगळे औषध रक्तात पोचते. नंतर बुमेटानाइडचा नाकात मारायचा फवाराही तिथे मंजूर झाला. बुमेटानाइडची निवड समजण्यासारखी आहे. तोंडी 40 मिलिग्रॅम फ्युरोसेमाइडचे काम त्याचा 1 मिलिग्रॅम करतो, आणि नाकपुडीत मावते ते थेंबभरच.

फुफ्फुसांत पाणी भरून दम लागला असेल, तर मात्र यंत्र चिकटवून पाच तास वाट पाहत बसायचे नाही. तेव्हा रुग्णालयच गाठायचे.

गैरसमज: वाट बदलली की सूज हटणारच.

औषध नलिकेत वेळेवर पोचूनही अडते, ते असे: नलिकेचा पुढचा भाग हळूहळू जाड होतो आणि सुटलेले मीठ तिथे पुन्हा शोषले जाते. अशा वेळी मेटोलाझोनसारखे दुसरे औषध जोडावे लागते. पोटॅशियम-सोडियम घसरण्याची भीती असल्याने हे काम रक्ततपासणीसह डॉक्टरांनीच करायचे. डोस लागू पडला का, हे दोन तासांनंतरच्या लघवीतल्या सोडियमवरूनही कळते. आणि कधी कधी दोष औषधाच्या वाटेत नसतोच. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी मीठ आणि पाणी अंगात धरून ठेवते, फ्युरोसेमाइडचा जोर मोडते, आणि बहुतेकदा डॉक्टरांना सांगायचीच राहून जाते.