अंगस्थिति-नियंत्रण व बाहूंची हालचाल

बसलेले किंवा उभे असताना शरीराचा गुरुत्वमध्य आधाराच्या क्षेत्रावर राखणे व शरीराच्या निरनिराळ्या भागांची परस्परांशी योग्य मांडणी टिकविणे, या तंत्रिका तंत्राच्या कार्यास अंगस्थिति-नियंत्रण म्हणतात. हे कार्य बहुतांशी नकळत चालते. हात उचलणे, वस्तू धरणे, दार उघडणे यांसारख्या ऐच्छिक हालचाली त्याच्या पायावरच उभ्या असतात. पक्षाघातासारख्या विकारात हा पाया ढासळतो. त्यामुळे तंत्रिकीय भौतिकी चिकित्सेत हाताचा विचार धडापासून वेगळा करता येत नाही.

मुंबईच्या उपनगरी गाडीत अंधेरी ते बोरीवली किंवा घाटकोपर ते मुलुंड असा उभ्याने प्रवास करणारा मनुष्य या नियंत्रणाचे उत्तम उदाहरण होय. गाडीला अनपेक्षित हिसका बसला, की सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात त्याच्या पोटऱ्यांचे व मांड्यांचे स्नायू आकुंचन पावतात आणि तोल सावरतो. हिसका सौम्य असेल तर शरीर मुख्यतः घोट्यापाशी झुलते, जोराचा असेल तर कमरेत वाकते आणि तेवढ्याने भागले नाही तर पाऊल टाकावे लागते. नेहमीचा प्रवासी मात्र स्थानक जवळ आल्याचे ओळखून गाडीचा वेग मंदावण्यापूर्वीच पाय फाकवून उभा राहतो. पहिली क्रिया प्रतिसादात्मक, तर दुसरी पूर्वयोजित होय.

तोलाविषयीची माहिती तीन मार्गांनी मिळते : डोळे, अंतर्कर्णातील श्रोतृकुहर व अर्धवर्तुळाकार नलिका, आणि त्वचा, स्नायू व सांधे यांतील संवेदना. मस्तिष्क स्तंभ व निमस्तिष्क या माहितीचा मेळ घालतात. चार्ल्स शेरिंग्टन (१८५७–१९५२) व रूडॉल्फ माग्नुस (१८७३–१९२७) यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून अंगस्थितीच्या प्रतिक्षेपी क्रियांचा पाया घातला. तथापि, अंगस्थिती म्हणजे केवळ प्रतिक्षेपांची बेरीज नव्हे, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले.

मॉस्को येथील बेलेन्की, गुर्फिंकेल व पाल्त्सेव्ह यांनी १९६७ मध्ये नोंदविलेले निरीक्षण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. उभ्या माणसाला एक हात झटकन पुढे उचलावयास सांगितले असता खांद्यावरील त्रिकोणी स्नायू कार्यान्वित होण्यापूर्वीच त्याच बाजूच्या मांडीमागील व विरुद्ध बाजूच्या पाठीच्या कण्यालगतचे स्नायू काम करू लागतात. एका हाताचे वजन शरीराच्या एकूण वजनाच्या सुमारे विसाव्या भागाइतके, म्हणजे साठ किलोग्रॅम वजनाच्या माणसात जवळजवळ तीन किलोग्रॅम असते. एवढा भार एकदम पुढे गेल्याने तोल ढळणार, हे मेंदू आधीच जमेस धरतो. कॉर्डो व नॅशनर यांनी १९८२ मध्ये असे दाखविले, की उभ्या माणसाने समोरची मूठ ओढली तर पोटरीचा स्नायू दंडाच्या स्नायूच्या आधी आकुंचन पावतो; परंतु त्याच्या शरीराला पुढून आधार दिला, तर पायांची ही पूर्वतयारी घटते आणि हात अधिक त्वरेने हलतो. दुर्बल धडाला आधार दिल्यास हात मोकळा होतो, या व्यवहारातील अनुभवाशी हे जुळते. याची उलट बाजूही आहे. बोटाच्या टोकाने खांबाला केवळ हलका स्पर्श केला, तरी शरीराचे डोलणे कमी होते. हा स्पर्श वजन पेलण्यास पुरेसा नसतो. तो मेंदूला दिशा कळवितो. म्हणजे हातही अंगस्थितीला साहाय्य करतो.

मुंबईतील भौतिकी चिकित्सेचा इतिहास या विषयाशी निगडित आहे. परळच्या राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले आणि त्याच दशकाच्या प्रारंभी तेथे भौतिकी चिकित्सेचे विद्यालयही निघाले. हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ ची. त्या काळी मुख्य प्रश्न बालपक्षाघाताचा, म्हणजे पोलिओचा होता. पोलिओत मेरुरज्जूतील प्रेरक कोशिका नष्ट होतात व ठराविक स्नायू लुळे पडतात. त्यामुळे एकेका स्नायूचे बळ मोजणे व वाढविणे ही पद्धत तेथे सयुक्तिक होती. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला. आज तंत्रिकीय विभागातील प्रातिनिधिक रुग्ण पक्षाघाताचा असतो. त्याचे स्नायू मुळात शाबूत असतात. हरपलेले असते ते त्यांच्यावरील नियंत्रण. पोलिओसाठी घडलेली नजर येथे अपुरी पडते. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील एका विभागात २००५-०६ मध्ये केलेल्या पाहणीत २५ वर्षांवरील लोकांत दर लाखामागे वर्षाला सुमारे १४५ नवे पक्षाघात आढळले.

प्रमस्तिष्काच्या एका अर्धगोलात रक्तपुरवठा खंडित झाला, की विरुद्ध बाजूचा हात व पाय दुर्बल होतात. मध्य प्रमस्तिष्क रोहिणीच्या क्षेत्रात इजा असल्यास सामान्यतः हाताची हानी पायापेक्षा अधिक असते. धडाचे स्नायू पूर्णपणे लुळे पडत नाहीत, परंतु त्यांची पूर्वयोजित क्रिया उशिरा व क्षीणपणे होते. परिणामी, रुग्ण हात पुढे नेऊ लागला की कोपर सरळ होण्याऐवजी सबंध धडच पुढे झुकते, खांदा वर उचलला जातो आणि बोटे आवळतात. पेला हाती येतो हे खरे. परंतु ही तडजोड कायम झाली, तर हाताची अंगभूत हालचाल परत मिळविण्याची संधी हुकण्याचा संभव असतो. म्हणून काही पद्धतींत धड खुर्चीच्या पाठीला पट्ट्याने बांधून वस्तूपर्यंत हात नेण्याचा सराव करवितात.

लंडन येथील बेर्टा (१९०७–९१) व कारेल (१९०६–९१) बोबाथ या दांपत्याची पद्धती चाळीसच्या दशकापासून विकसित झाली. स्नायूंचा ताठरपणा योग्य अंगस्थितीने व हाताळणीने कमी करता येतो, हे तिचे सूत्र होते. भारतीय चिकित्सकांवर तिचा मोठा प्रभाव पडला. पुढील तुलनात्मक अभ्यासांत मात्र ती अन्य पद्धतींहून सरस ठरली नाही. प्रत्यक्ष कामाचा पुष्कळ वेळा केलेला सराव अधिक फलदायी ठरतो, असे आज मानतात. एडवर्ड टॉब यांच्या उपचारपद्धतीत चांगला हात मोज्यात बांधून ठेवून दुर्बल हाताला दोन आठवडे तासन् तास कामाला लावतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीने तिची उपयुक्तता दाखविली. तथापि मनगट व बोटे थोडीतरी उघडू शकणाऱ्या रुग्णालाच ती लागू पडते. घाईही अपायकारक ठरू शकते : झटक्यानंतर पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार उठविणे लाभदायक नसल्याचे २०१५ मधील एका बहुराष्ट्रीय चाचणीत आढळले.

खांद्याची हेळसांड ही घरी हमखास होणारी चूक होय. या सांध्याची खोबण उथळ असते व भुजास्थीचे डोके मुख्यतः स्नायूंनीच जागेवर धरलेले असते. स्नायू शिथिल झाले, की हाताच्या भारानेच सांधा खाली सरकतो. अशा वेळी नातेवाईक प्रेमाने दुर्बल हात धरूनच रुग्णाला उठवितात व सांध्याला इजा होऊन दुखणे जडते. त्या दुखण्यामुळे पुढील सगळा सराव थांबतो. रुग्णाला उठविताना धडाला, पाठीमागून अंसफलकाला व कमरेला आधार द्यावयाचा असतो. बसल्यावर हात मांडीवर किंवा उशीवर ठेवावयाचा असतो.

उपनगरात राहणाऱ्या रुग्णाची परीक्षा रुग्णालयाबाहेर सुरू होते. घाटकोपरचे राजावाडी, बोरीवलीचे भगवती, मुलुंडचे अगरवाल व जुहूचे कूपर ही महानगरपालिकेची रुग्णालये त्यामानाने जवळ असली, तरी आठवड्यातून अनेक वेळा रिक्षाने जाणे-येणे भागच पडते. रिक्षात शिरताना मान वाकवावी लागते, एका पायावर भार घ्यावा लागतो आणि त्याच क्षणी हाताने दांडी धरावी लागते. पूर्वयोजित अंगस्थिती, तोल व पकड यांची एकत्र कसोटी पाहणारी ही कृती आहे. चतुर चिकित्सक तिलाच व्यायाम बनवितो : आधी पलंगाच्या कडेला बसून दोन्ही बाजूंना कलणे, मग बसूनच पुढची वस्तू घेणे, नंतर उभे राहून भिंतीला बोट लावीत तेच करणे आणि शेवटी रिक्षाची पायरी. जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या, मोरीत पाटावर बसून स्नान करणाऱ्या घरांत अशाच पायऱ्या निराळ्या क्रमाने आखाव्या लागतात. तेथे जमिनीवरून उठताना निरोगी हात टेकण्यासाठी कशाचा आधार उपलब्ध आहे, हे घर पाहिल्यावाचून ठरविता येत नाही.