रोज घासूनही दात का किडतात? कडक ब्रश, मिश्री अन् राहून गेलेली रात्र

सकाळी उठलं की दात घासायचे, ही सवय गावोगावी आहे. कुणाच्या हातात ब्रश, कुणाच्या कडुनिंबाची नाहीतर बाभळीची काडी, कुणाकडे राखुंडी, तर कुणाच्या तळहातावर मिश्री. तरीही दाढ ठणकते, चूळ भरताना रक्त दिसतं आणि पन्नाशीच्या आतच दात हलायला लागतात.

पहिली चूक वेळेची. सकाळी घासलं की काम झालं, असं बहुतेक जण धरून चालतात. रात्री जेवणानंतरचे अन्नाचे कण मात्र फटीत तसेच राहतात. तोंडातले जंतू त्यातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचं वरचं कठीण कवच झिजवतं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे हे काम रात्रभर बिनबोभाट चालतं. म्हणून रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षाही महत्त्वाचं.

दुसरी चूक जोराची. कढई खरवडल्यासारखं आडवं घासलं की हिरडी मागे सरकते, दाताच्या मुळाशी खाच पडते आणि गार पाणी लागलं की कळ जाते. ब्रश मऊ घ्यावा. दात आणि हिरडी मिळतात तिथं तो थोडा तिरका धरून हलक्या हातानं, छोट्या छोट्या हालचालींनी दोन मिनिटं घासावं. मागच्या दाढा आणि दातांची आतली बाजू हमखास राहते. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत दिसते तेवढी लागत नाही. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण लगेच खळखळून चुळा भरू नयेत, नाहीतर पेस्टमधलं फ्लोराईड लगेच वाहून जातं. दोरे वाकडे झाले की, साधारण तीन महिन्यांनी, ब्रश बदलावा.

राख, कोळसा, विटेची पूड यांनी दात पांढरे दिसतात खरे, पण ते कवच घासलं गेल्यामुळे. एकदा गेलेलं कवच परत येत नाही. काडी वापरायचीच तर टोक चावून मऊ करावं. तरी मागच्या दाढांपर्यंत ती नीट पोचत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यात फ्लोराईड जास्त असल्यानं दातांवर तपकिरी डाग पडतात. ते कितीही घासले तरी जात नाहीत, उगाच दात झिजतात.

मिश्रीचं मात्र वेगळं सांगायला हवं. ती दंतमंजन नाही, तव्यावर भाजलेला तंबाखू आहे. अनेक बायकांची सुरुवात दाढ दुखते म्हणून होते. थोडा आराम पडतो, मग दिवसातून तीन-चार वेळा बोट हिरडीवर फिरू लागतं. लावली नाही तर डोकं धरतं, शौचाला होत नाही. हे व्यसनच. दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण मिश्री घरीच भाजली जाते. तिनं हिरड्या सैल होतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गरोदरपणात लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याची भीती असते. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करून मोफत सल्ला मिळतो. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडू लागलं, तर दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवावं.

मुलांच्या बाबतीत एक गैरसमज फार महाग पडतो. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ येते. तिच्या जागेसाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे 'दुधाचीच आहे, पडेल' म्हणून ती किडू दिली जाते. ती कायमची दाढ असते. गेली की गेली. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना नीट घासता येत नाही, तेव्हा रात्री आई-बापानं स्वतः ब्रश फिरवावा. तीन वर्षांखालच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट.

आणि हिरडीतून रक्त येतं म्हणून घासणं बंद करू नये. बहुतेक वेळा तिथं मळ साचल्यामुळेच ते येतं. मऊ ब्रशनं आठ-दहा दिवस नीट घासूनही थांबलं नाही, तर दातांच्या डॉक्टरांकडून मळ काढून घ्यावा. अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दातांचे डॉक्टर असतात. केसपेपर काढताना आधी त्यांचा वार विचारून घ्यावा.