हौसेला मोल नसतं, पण मेहनतीला?

वाढदिवसाला घरी केलेला केक खाल्ला की कुणीतरी हमखास म्हणतं, "वहिनी, तुम्ही ऑर्डरी का घेत नाही?" मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. ऐकून बरं वाटतं आणि रात्री ओटा आवरताना मन बेरजा करू लागतं. चार पैसे आपल्या हातचे असावेत, ही इच्छा काही वावगी नाही. मात्र पाहुणा म्हणून कौतुक करणारी जीभ गिऱ्हाईक झाली की वेगळं बोलते. म्हणून 'हो' म्हणण्याआधी थोडा हिशेब करू या.

दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत नेण्याची पद्धत आठवते का? भट्टीवाला नानकटाई भाजून द्यायचा आणि किलोमागे मजुरी घ्यायचा. सामान आपलं, मजुरी त्याची. त्यात कुणालाच नवल वाटत नसे. आज ओव्हन आपल्याच ओट्यावर आला आणि भट्टीवाल्याची ती मजुरी हिशेबातून नाहीशी झाली! घरचा धंदा फसायला सुरुवात होते ती इथेच.

समजा, अर्धा किलोचा केक तुम्ही ३५० रुपयांना विकलात. सामान, खोका आणि वीज मिळून २०० रुपये गेले. उरले १५०. छान वाटलं ना? आता दहा केकमागे एक बसला किंवा करपला, तर प्रत्येक केकवर २० रुपये चढले. १२,००० रुपयांचा ओव्हन आणि बीटर दोन वर्षांत वसूल करायचा आणि महिन्याला दहाच केक जात असतील, तर केकमागे आणखी ५० रुपये. उरले ८०. सामान आणणं, फेटणं, भाजणं, सजवणं, भांडी घासणं यात तीन तास गेले. म्हणजे तुमच्या एका तासाचे पुरते २७ रुपयेही नाहीत!

हेच महिन्याला वीस केक गेले आणि दोन-दोन एकदम केले तर? यंत्राचा भार केकमागे २५ रुपयांवर येतो. दोन केकना सहाऐवजी चार तास लागले, तर तासाचे ५२ रुपये पडतात. हात तेच, सामान तेच. म्हणून रोज एकेक ऑर्डर घेण्यापेक्षा आठवड्यातले दोन दिवस ठरवावेत आणि वीस प्रकारांऐवजी तीनच, पण चोख करावेत. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे तुम्ही घालून पाहा.

लिज्जत पापडाची सुरुवात आठवा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी झाली अवघी चार पाकिटं. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्त. त्यांना पैसे देणाऱ्या छगनबाप्पांनी सांगितलं, पापड एकाच प्रतीचा करा आणि हिशेब नीट ठेवा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, तेव्हा चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरले आणि खाली शेगडी ठेवली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पण आपल्या कामाची गोष्ट आहे ती हिशेबाची आणि त्या खाटेची.

कारण ऋतू आपल्यालाही सोडत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या मे महिन्यात क्रीमचा केक सिडकोतून गुलमंडीला दुचाकीवर नेऊन बघा! उन्हाळ्यात साधे केक आणि बिस्किटं घ्यावीत, क्रीम थंडीसाठी ठेवावं. पावसाळ्यात नानकटाई मऊ पडते, ती घट्ट झाकणाच्या डब्यातच द्यावी. आणि लोण्याने माखलेली भांडी किती पाणी मागतात, हे वर्षानुवर्षे नळाचा दिवस मोजत आलेल्या आपल्या शहराला वेगळं सांगायला नको.

सरकारी बाजूही पाहून घ्या. खाण्याचा पदार्थ विकायचा तर तो घरातून विकला तरी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, आणि तिचा १४ आकडी क्रमांक मिळतो. घरगुती १४.२ किलोचा गॅस सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. विजेचं म्हणाल तर २,००० वॅटचा ओव्हन पूर्ण तासभर तापला की दोन युनिटं जातात. घरच्या जोडणीवर हे चालेल का, ते महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारावं. पाकीटबंद मालात अंडं असेल तर खूण शाकाहाराची हिरवी लावता येत नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. नणंद म्हणते, "घरचीच तर आहे, माझ्याकडून काय पैसे घेतेस?" तिला केक भेट द्यायचा असेल तर मनापासून द्या, पण तो वहीत भेट म्हणूनच लिहा. अर्ध्या दरात दिलेला केक ना भेट होतो, ना विक्री. आणि ऑर्डर असेल त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार, हे यजमानांशी आणि सासूबाईंशी आधीच बोलून घ्या. तो प्रश्न सुटला नाही, तर ओव्हन कितीही चांगला असो, धंदा तुमच्या झोपेवर चालतो.

मग ठरवायचं कसं? नोंदणी करून घ्या, पण नवं काही विकत घेऊ नका. घरात आहे त्या साधनांवर तीन महिने ऑर्डरी घ्या. एका साध्या वहीत सामान, तास, वाया गेलेलं आणि आलेले पैसे लिहा. पुढच्या ऑर्डरी नात्याबाहेरच्या लोकांकडून येतात का, तासाची मजुरी तुम्हाला पटेल एवढी पडते का, आणि तिसऱ्या महिन्यातही पीठ चाळताना मन रमतं का, हे बघा. तिन्हींचं उत्तर 'हो' आलं, तर खुशाल मोठा ओव्हन आणा.

आणि 'नाही' आलं तर? मग केक मुलांच्या वाढदिवसाला करा आणि हौसेने खाऊ घाला. पुन्हा कुणी "ऑर्डरी का घेत नाही?" असं विचारलं, तर हसून सांगा, "हिशेब करून पाहिला आहे!"