ग्वाल्हेरचा नाला आणि अभियांत्रिकीची वाट

गेल्या मे महिन्यात परीक्षा आटोपल्यावर मी ग्वाल्हेरला आत्याकडे गेले होते. आत्याचे घर लष्कर भागात आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 च्या सुमारास जिथे पडली, ती वस्ती आजही ‘लष्कर’ म्हणूनच ओळखली जाते, आणि तिथल्या जुन्या घरांतून अजून मराठी ऐकू येते. मात्र तिच्यात दर दोन वाक्यांमागे एक हिंदी शब्द असतो. (माझ्या मराठीत कानडी डोकावते म्हणून आतोबा मला हसतात, तेव्हा फिटंफाट!)

त्या घरात सध्या एकच वाद चालू होता. आतेभाऊ यंदा बारावीत आहे आणि त्याला पर्यावरण अभियांत्रिकी शिकायची आहे. आतोबांचे म्हणणे, “अरे, नाले साफ करायला कुणी इंजिनीअर होतं का? कॉम्प्युटर घे.” आत्या काही बोलत नव्हती. तिला दम्याचा त्रास आहे आणि थंडीत रात्र-रात्र बसून काढावी लागते. मला वाटते, मुलाच्या हट्टाचे मूळ त्या रात्रींत असावे. मी वाणिज्य शाखेची, तेव्हा मला यात काय कळणार? पण “ताई, तू बाबांना हिशेबाच्या भाषेत समजाव,” असे त्याने गळ घातल्यामुळे मी चौकशीला लागले. तीच मित्रहो, आपल्यापुढे ठेवते.

प्रथम हवेबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली जगातल्या शहरांच्या हवेची जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तीत अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांच्या बाबतीत इराणमधील झाबोलच्या खालोखाल ग्वाल्हेरचे नाव होते. एका घनमीटर हवेत वार्षिक सरासरी 176 मायक्रोग्रॅम! आपल्या देशाची मर्यादा 40 आहे. हे कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढे असल्यामुळे नाकात न अडकता थेट फुप्फुसात उतरतात. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही, आणि धूळ, वाहनांचा धूर, जाळलेला कचरा सारे तिच्यातच कोंडून राहते. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही ग्वाल्हेर आहे. हवा मोजायची, धूर कुठून आला ते शोधायचे आणि तो थांबवण्याचे साधन बसवायचे, या तिन्ही कामांना माणसे लागतात.

आता पाणी. एका सकाळी भाऊ मला तिघरा धरणावर घेऊन गेला. सांक नदीवरचे हे धरण 1916 चे. आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला आनंद वाटतो, की त्यावर सर एम. विश्वेश्वरय्या यांचे स्वयंचलित दरवाजे बसवले होते. तेच दरवाजे त्यांनी आधी 1903 मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याला बसवले होते. म्हैसूरच्या या सुपुत्राचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे आणि काम ग्वाल्हेरपर्यंत! परंतु पायाखालच्या वालुकाश्मात पाणी मुरून 1917 साली ते धरण फुटले व पुढे पुन्हा बांधावे लागले. दरवाजे कितीही चांगले असोत, खालचा खडक कळला पाहिजे. भाऊ भूगर्भशास्त्रही वाचतो, त्याचे कारण मला तिथे समजले.

तिघऱ्याचे पाणी मोतीझीलच्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात येते. वापरलेले पाणी मात्र बराच काळ स्वर्णरेखेत जात राहिले. हीच ती स्वर्णरेखा, जिच्या काठाशी 1858 मध्ये राणी लक्ष्मीबाईंचा घोडा अडला असे सांगतात. फूलबागेत राणीची समाधी आहे. तिथून नदी पाहायला गेले, तर काँक्रीटच्या भिंतींमधला नाला दिसला.

सांडपाणी किती घाण आहे हे नुसत्या वासावरून ठरवत नाहीत. पाण्यातील घाण खाताना जंतू किती प्राणवायू वापरतात, ते काही दिवस ठरावीक तापमानाला ठेवून मोजतात. शुद्धीकरण केंद्रात हेच काम मोठ्या टाकीत, हवा फुंकून, जंतूंकडून लवकर करून घेतले जाते. फुंकणी यंत्रे रात्रंदिवस चालतात, म्हणून खर्चाचा मोठा भाग विजेचा. इथे मात्र माझी शाखा जागी झाली! केंद्र उभारायला भांडवली अनुदान मिळते, पण वीजबिल दरमहा भरायचे असते. त्याची तरतूद नसेल तर कोट्यवधींचे केंद्र शोभेचे होते. आतोबांना मी हे ताळेबंद मांडून सांगितले, तेव्हा ते प्रथमच गप्प बसले.

शिक्षणाची वाट अशी. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवे. त्यातही रसायनशास्त्राकडे दुर्लक्ष करू नये, कारण पुढे तेच रोजचे आहे. पर्यावरण अभियांत्रिकीची स्वतंत्र पदवी थोड्याच ठिकाणी मिळते. धनबादची संस्था त्यांपैकी एक. बहुतेक विद्यार्थी स्थापत्य किंवा रसायन अभियांत्रिकी करून पदव्युत्तर शिक्षणात इकडे वळतात. ग्वाल्हेरातच 1957 पासूनची माधव तंत्रशिक्षण संस्था आहे. ‘गेट’ परीक्षेत 2021 पासून या विषयाची वेगळी प्रश्नपत्रिका आली. संशोधन करायचे तर नागपूरची ‘नीरी’ आहे, 1958 साली स्थापन झालेली. नोकऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळे, नगरपालिका, कारखाने व सल्लागार कंपन्यांत असतात. सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्यांइतका नसतो, हे मी आतोबांपासून लपवले नाही.

आणि आपले काय, असे वाणिज्यचे मित्र विचारतील. ‘सेबी’ने 2022-23 पासून पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना पाणी, ऊर्जा व उत्सर्जनाचा अहवाल सक्तीचा केला आहे. तो वाचणारे व तपासणारे लागणारच. भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेत (स्थापना 1982) कोणत्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो. गणित दहावीनंतर सोडल्याचा पश्चात्ताप मात्र मला तिथल्या प्रवेशपरीक्षेचे नमुने पाहून झाला.

निघताना आतोबा स्टेशनवर म्हणाले, “धनबादला हॉस्टेलचा खर्च किती येतो, तेवढं पत्रात लिही.” भावाने आपली अकरावीची गणिताची पुस्तके माझ्या पिशवीत कोंबली होती. बेळगावला आल्यापासून रोज सकाळी एक तास मी ती सोडवते आहे. आज समीकरणांच्या तिसऱ्या धड्यावर अडले आहे.