थर्मोस्टॅट : माल वाहणाऱ्या गाडीचा छोटा पण महत्त्वाचा भाग

भाजीपाला व फळांचे घाऊक बाजार 1996 साली मुंबईतून नवी मुंबईत वाशी-तुर्भे येथे आले. तेव्हापासून नाशिक, जुन्नर, सातारा या भागांतील माल रात्री घाट उतरून पहाटेच्या बाजाराला तेथे पोहोचतो. अनेक शेतकरी आता स्वतःच्या पिकअपने किंवा टेंपोने माल नेतात. अशी गाडी कसारा घाटात किंवा माळशेजला तापून उभी राहिली, तर पहाटेचा भाव हातचा जातो आणि टोमॅटो, पालेभाजी गाडीतच खराब होते. गाडी तापण्याची कारणे अनेक असली, तरी त्यांपैकी एका स्वस्त भागाकडे, म्हणजे थर्मोस्टॅटकडे, बहुधा दुर्लक्ष होते.

थर्मोस्टॅटचे काम

विहिरीवरचे पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन आपल्या परिचयाचे आहे. त्यात थंड पाणी फार सोडले तर इंजिन गारठते व धूर टाकते. कमी सोडले तर तापते. म्हणून जाणकार शेतकरी कॉक कमी-जास्त करून बाहेर पडणारे पाणी बेताचे गरम ठेवतो. गाडीत हेच काम थर्मोस्टॅट आपोआप करतो.

त्यात पितळी डबीत विशिष्ट मेण भरलेले असते. मेण तापले की फुगते आणि झडप उघडते. थंड झाले की स्प्रिंग झडप बंद करते. इंजिन थंड असताना झडप बंद राहते, त्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते व इंजिन लवकर गरम होते. पुष्कळ गाड्यांत सुमारे 82 अंश सेल्सिअसला झडप उघडू लागते आणि 95 अंशांच्या आसपास ती पूर्ण उघडते. नेमका आकडा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो.

झडप बंद अवस्थेत अडकल्यास

गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोहोचत नाही. काटा झपाट्याने लाल पट्ट्याकडे जातो. भरलेली गाडी चढावर असेल तर काही मिनिटांतच पाणी उकळू लागते. तशीच गाडी रेटल्यास हेड गॅस्केट जळते, हेड वाकते, प्रसंगी पिस्टन धरतो. थर्मोस्टॅटच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येथे होतो.

झडप उघडी राहिल्यास

हा दोष लवकर लक्षात येत नाही, कारण गाडी बंद पडत नाही. इंजिन मात्र सतत गार राहते. त्यामुळे डिझेल पूर्ण जळत नाही, धूर वाढतो व ॲव्हरेज कमी होते. न जळलेले डिझेल आणि ओलावा ऑइलमध्ये उतरतो, ऑइल पातळ होते व लायनर-रिंगा लवकर झिजतात. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ती स्वतः साफ होण्यासाठी इंजिन पुरेसे गरम व्हावे लागते. गार इंजिनात ती तुंबते.

याची खूण अशी की, गाडी उभी असताना किंवा चढावर काटा वर येतो, आणि मोकळ्या रस्त्यावर किंवा घाट उतरताना एकदम खाली घसरतो. थंडीच्या रात्री हे अधिक जाणवते.

घरच्या घरी तपासणी

1) सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरमधील पाण्याची पातळी पाहावी. पाणी कमी असेल तर पुढील तपासणी फसवी ठरते.

2) इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपला हात लावावा. पंखा व पट्ट्यापासून हात आणि कपडे दूर ठेवावेत. पाइप काही वेळ गार राहून मग एकदम गरम झाला, तर थर्मोस्टॅट ठीक समजावा. सुरुवातीपासूनच हळूहळू गरम होत गेला तर झडप उघडी आहे. काटा वर गेला तरी पाइप गारच असेल तर ती बंद अडकली असण्याचा संभव आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपकडे असतो. तेथे मेकॅनिककडून खात्री करून घ्यावी.

3) काढलेला थर्मोस्टॅट दोरीने पातेल्यातील पाण्यात, तळाला न टेकेल असा टांगावा व पाणी तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप उघडली पाहिजे आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटली पाहिजे. तसे न झाल्यास तो बदलावा. त्याची दुरुस्ती होत नाही.

काढून टाकणे हा उपाय नव्हे

"आपल्याकडे उष्ण हवा, थर्मोस्टॅटची गरजच काय," असे म्हणून काही ठिकाणी तो काढून टाकतात. असे केल्यास वर सांगितलेले गार इंजिनाचे सर्व तोटे पदरात पडतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती गरम पाण्याची आडवाट बंद करते. तो काढल्यास ती वाट कायम उघडी राहते, काही पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरते आणि भरल्या गाडीला इंजिन उलट जास्तच तापते.

घ्यावयाची काळजी

विहिरीचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. क्षारांचा थर झडपेवर व नळ्यांत बसतो. कंपनीने सांगितलेले कूलंट शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून वापरावे व ठरलेल्या मुदतीत बदलावे. नवा थर्मोस्टॅट त्याच आकड्याचा घ्यावा, गॅस्केट नवे टाकावे आणि पाणी भरताना आतील हवा पूर्ण काढावी.

घाटात काटा लाल पट्ट्याला लागल्यास गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे पाणी उसळून भाजते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. हेडला तडा जातो. किमान अर्धा-पाऊण तास थांबून, इंजिन निवल्यावरच पाणी भरावे.

हंगाम सुरू होण्यापूर्वी ऑइल व पट्टे पाहतो, त्याच वेळी थर्मोस्टॅटचीही तपासणी करून घ्यावी. माल वेळेवर बाजारात पोहोचणे हाही पिकाच्या उत्पन्नाचाच भाग आहे.