स्विचच्या आधीचा क्षण

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची चार-पाच मुलं संध्याकाळी माझ्याकडे सर्किटची उदाहरणं सोडवायला बसतात. नुसते रेझिस्टर असले की हात भराभर चालतो. ओहमचा नियम, किरचॉफचे दोन नियम, उत्तर तयार. कपॅसिटर किंवा कॉइल दिसली की पेन थांबतं आणि जो तो सूत्र आठवायला लागतो. गाडी अडते ती इथेच.

रेझिस्टरला मागचं काही आठवत नाही. या घडीला जेवढं व्होल्टेज, तेवढाच करंट. कपॅसिटर मात्र आपलं व्होल्टेज धरून ठेवतो आणि कॉइल आपला करंट. एका झटक्यात बदलायला दोघंही तयार नसतात. म्हणून मी सूत्राआधी तीन आकृत्या काढायला लावतो : स्विच हलण्याआधीची, हलल्याबरोबरची आणि सगळं शांत झाल्यावरची. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी नुसत्या तारेसारखा वागतो. डीसीवर पुरता भरला की तीच वाट बंद. कॉइलचं नेमकं उलट. सुरुवात आणि शेवट हाती आला की सूत्राकडे फक्त मधला प्रवास उरतो.

हा प्रवास डोळ्यांनी पाहावा. 9 व्होल्टची बॅटरी, 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडला. गुणाकार केला की 10 सेकंद येतात. हाच टाइम कॉन्स्टंट. एकाने घड्याळ धरलं, बाकीचे मल्टिमीटरवर वाकले. आकडे आधी पळत सुटले, मग रेंगाळले. दहाव्या सेकंदाला 63 टक्के, म्हणजे 5.7 व्होल्ट हवे होते, मीटरने 5.4 दाखवले. एकाचा चेहरा पडला. मी त्याला सांगितलं की अशा कपॅसिटरवर छापलेल्या आकड्याला बहुधा 20 टक्के इकडेतिकडे मुभा असते. पन्नासाव्या सेकंदाला आकडा नवाच्या अगदी जवळ जाऊन जवळजवळ थांबला. तेव्हापासून ‘पाच टाइम कॉन्स्टंट’ हे शब्द कुणाला पाठ करावे लागले नाहीत.

मला सर्वांत आवडतं ते कॉइलचं उदाहरण. कॉइल 3 हेन्रीची, तिचा स्वतःचा रोध 6 ओहम, तिला समांतर 100 ओहमचा रेझिस्टर आणि दोघांना 12 व्होल्टची बॅटरी. स्विच बराच वेळ चालू आहे. आता तो उघडला. रेझिस्टरवर किती व्होल्टेज? निम्म्या वह्यांत शून्य होतं, कारण बॅटरी तुटली. आता आधीची आकृती बघा. कॉइलमध्ये 12 भागिले 6, म्हणजे 2 अँपिअर वाहत होते. स्विच उघडला तरी त्या क्षणी ते 2 अँपिअरच राहणार, आणि जायला वाट एकच, त्या 100 ओहममधून. म्हणजे 200 व्होल्ट!

“सर, बॅटरी तर बाराचीच आहे,” एक मुलगी म्हणाली. ती गप्प बसली नाही, याचा मला फार आनंद झाला. कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात 6 जूल ऊर्जा साठली होती, ती आता बाहेर पडत होती. हे 200 व्होल्ट क्षणभराचेच. 28 मिलिसेकंदांत करंट 37 टक्क्यांवर येतो. जुन्या ट्यूबलाइटचा स्टार्टर करंट तोडायचा आणि चोक असाच झटका देऊन नळी पेटवायचा. तिने वहीत दिशाही तपासली. कॉइलमधला करंट त्याच दिशेने जात राहतो, त्यामुळे रेझिस्टरमधून तो आधीच्या उलट वाहतो आणि व्होल्टेजचं चिन्ह उणे होतं. परीक्षेत गुण जातात ते या चिन्हापायी, नाहीतर मायक्रो आणि किलोची शून्यं मोजताना.

तुमच्या घरी कुणी अशा उदाहरणाशी अडलं असेल, तर कृपा करून लगेच सूत्र सांगू नका. स्विच हलायच्या आधी कॉइलमध्ये किती करंट होता, एवढंच विचारा आणि त्याला आकृती काढायला वेळ द्या.