सही जुळली, रीत जुळली का?

ओळखीची चोरी आणि अस्वाभाविक वर्तन हेरणाऱ्या संगणकीय साधनांचा तुलनात्मक परिचय

संगणकीकरणापूर्वीच्या बँकेत खातेवहीच्या मेजावर बसणारा अनुभवी लिपिक प्रत्येक धनादेश दोन कसोट्यांवर तपासत असे. धनादेशावरील सही नमुना-सहीशी जुळते काय, ही पहिली कसोटी. हा व्यवहार या खातेदाराच्या नेहमीच्या रीतीला धरून आहे काय, ही दुसरी. दरमहा घरखर्चापुरती रक्कम काढणाऱ्या निवृत्त शिक्षकाच्या खात्यातील सारी शिल्लक काढण्यासाठी एखादा अनोळखी इसम आला, तर सही तंतोतंत जुळूनही तो लिपिक धनादेश घेऊन अधिकाऱ्याच्या दालनात जाई. पहिली कसोटी नियमपुस्तकात लिहिलेली होती. दुसरी मात्र त्याच्या अनुभवात होती.

संगणक आला आणि सहीची जागा पासवर्डने घेतली. पहिली कसोटी अधिक वेगवान झाली. दुसरी मात्र मागे पडली. योग्य पासवर्ड टाकणारी व्यक्ती ही खरी धनीच असली पाहिजे, असे यंत्र गृहीत धरू लागले. या गृहीतकाचाच फायदा आजचा चोर घेतो. तो कुलूप फोडत नाही, किल्ली मिळवतो. म्हणून ती हरवलेली दुसरी कसोटी यंत्राला शिकवण्याचा प्रयत्न गेल्या काही वर्षांत सुरू झाला आहे. त्यासाठी बाजारात उपलब्ध असलेली साधने कोणती, त्यांच्यात फरक काय आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे, याचा विचार या लेखात करू.

हथखोजचे उदाहरण

छत्तीसगढमधील भिलाईजवळचा हथखोज हा औद्योगिक परिसर आहे. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या कारखान्याच्या आधाराने या भागात पोलादी जुळणी आणि यंत्रकामाचे अनेक छोटे-मोठे उद्योग वाढले.

समजा, हथखोजमधील अशाच एका उद्योगाचे आपल्या बँकेत चालू खाते आहे. त्याचे लेखापाल सकाळी अकरा ते सायंकाळी सहा या वेळात, कार्यालयातील एकाच संगणकावरून इंटरनेट बँकिंग करतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार, विसाव्या दिवसापूर्वी वस्तू व सेवा कर, अधूनमधून पत्रे आणि प्राणवायूच्या नळकांड्यांची देयके, असा त्यांचा ठरलेला क्रम आहे. एके दिवशी मध्यरात्री दीड वाजता नव्या संगणकावरून त्याच नावाने प्रवेश होतो. दहा मिनिटांत चार नवे लाभार्थी जोडले जातात आणि मर्यादेच्या किंचित खाली राहतील अशा चार रकमा पाठवण्याचा आदेश येतो. पासवर्ड बरोबर आहे, पण रीत बरोबर नाही.

येथे एक मेख आहे. ‘रात्रीचा प्रवेश म्हणजे संशय’ असा सरसकट नियम केला तर भिलाईत तो टिकणार नाही. तीन पाळ्यांत चालणाऱ्या पोलादनगरीत रात्रपाळी संपवून पहाटे वीजबिल भरणारा कामगार मुळीच संशयित नाही. त्याच्यासाठी तीच नेहमीची वेळ आहे. व्यक्ती तितक्या प्रकृती, हे यंत्रालाही शिकावे लागते. म्हणूनच ही साधने सर्वांना एकच माप लावत नाहीत. ती प्रत्येकाची स्वतंत्र रीत नोंदवून तिच्यापासून ढळणारे वर्तन शोधतात.

दोन घटना, दोन धडे

साधनांची तुलना करण्यापूर्वी त्यांना काय पकडायचे आहे ते पाहू. पुढील उल्लेख कोणत्याही संस्थेचे न्यून दाखवण्यासाठी नाहीत. संपूर्ण बँकिंग क्षेत्राने त्यांपासून धडा घेतला आहे.

पहिली घटना पुण्याची. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला. शनिवार, ११ ऑगस्ट रोजी बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये, तर भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. भारतात ज्या गावांतून पैसे निघाले त्यांत कोल्हापूरही होते. १३ ऑगस्टला स्विफ्ट प्रणालीद्वारे १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. एकूण रक्कम ९४.४२ कोटी. हल्लेखोरांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेला समांतर अशी बनावट यंत्रणा उभी केली होती. त्यामुळे मंजुरीची विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ आरोपींना दोषी ठरवले.

दुसरी घटना मुंबईची. फोर्ट भागातील पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतून स्विफ्टद्वारे गेलेल्या हमीपत्रांचा गैरव्यवहार फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड झाला. त्याची व्याप्ती पुढे १३,००० कोटी रुपयांच्या वर गेली. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार हे संदेश अधिकृत लॉग-इनमधूनच जात होते. मात्र मुख्य बँकिंग प्रणालीत त्यांची नोंद होत नव्हती आणि हा प्रकार अनेक वर्षे चालू होता.

पहिल्या घटनेत बाहेरचा माणूस घरात शिरला. दुसऱ्या घटनेत किल्ली ज्याच्या हाती असायला हवी त्याच्याच हाती होती, पण वापर चुकीचा होता, असा आरोप आहे. चोरलेली ओळख आणि खऱ्या ओळखीचा गैरवापर हे दोन वेगळे रोग आहेत. त्यांवर औषधेही वेगळी आहेत.

साधनांची तीन घराणी

पहिले घराणे नोंदी गोळा करणाऱ्यांचे. त्याला ‘सीम’ म्हणतात. सर्व्हर, फायरवॉल, डेटाबेस, दारावरील प्रवेशपत्र यंत्र अशा नाना ठिकाणच्या नोंदी एकत्र आणून ते त्यांवर ठरीव नियम चालवते. ‘पाच चुकीच्या पासवर्डनंतर सहावा बरोबर’, अशी घटना ते नेमकी टिपते. मात्र नियमात न लिहिलेली गोष्ट त्याला दिसत नाही.

दुसरे घराणे वर्तन शिकणाऱ्यांचे. त्याचे लघुनाव ‘यूईबीए’. हे काही आठवडे प्रत्येक वापरकर्त्याचे आणि यंत्राचे निरीक्षण करते, त्याची नेहमीची रीत ठरवते आणि तिच्यापासून ढळणाऱ्या प्रत्येक कृतीला जोखमीचे गुण देते. अवेळी प्रवेशाला थोडे, कधी न उघडलेल्या फाइलींना आणखी थोडे. बेरीज ठरावीक मर्यादा ओलांडली की इशारा मिळतो. सेक्युरोनिक्स आणि एक्झाबीम ही या घराण्यातील परिचित नावे. एक्झाबीम व लॉगऱ्हिदम या कंपन्यांचे २०२४ मध्ये विलीनीकरण झाले. नोंदी गोळा करण्यात नावाजलेल्या स्प्लंकने २०१५ मध्ये कॅस्पिडा ही कंपनी घेऊन या क्षेत्रात पाऊल टाकले. २०२४ मध्ये स्प्लंक स्वतः सिस्कोच्या मालकीची झाली. भारतीय झोहो समूहाच्या मॅनेजइंजिनचे ‘लॉग ३६०’ हे साधनही नोंदी आणि वर्तन या दोन्ही बाजू सांभाळते.

तिसरे घराणे ओळखीच्या कोठाराचाच पहारा करणाऱ्यांचे. ‘आयटीडीआर’ हे त्याचे नाव २०२२ पासून रूढ झाले. संस्थेतील सर्वांची लॉग-इन खाती ज्या निर्देशिकेत असतात, तिच्यावर होणारे हल्ले हे साधन हेरते. एकच सोपा पासवर्ड शेकडो खात्यांवर लावून पाहणे, स्मृतीतून चोरलेल्या खुणांच्या आधारे पासवर्डविनाच पुढे सरकणे, सर्वाधिकाराचे बनावट प्रवेशपत्र घडवणे, असे हे हल्ले असतात. मायक्रोसॉफ्टचे ‘डिफेंडर फॉर आयडेंटिटी’ निर्देशिकेच्या सर्व्हरवरच आपले संवेदक बसवते. क्राउडस्ट्राइकचे ‘फाल्कन आयडेंटिटी प्रोटेक्शन’, जे २०२० मध्ये घेतलेल्या प्रीएम्प्ट कंपनीच्या तंत्रावर उभे आहे, संशय येताच त्याच क्षणी दुसरा पुरावा मागू शकते. यांपैकी काही साधने मुद्दाम आमिषाची बनावट खाती पेरतात. त्या खात्यांना हात लावण्याचे प्रामाणिक कर्मचाऱ्याला काही कारणच नसते; म्हणून हात लागला की चोर घरात आहे असे समजावे.

तुलना कशाच्या आधारे करावी?

विक्रेत्याच्या माहितीपत्रकात प्रत्येक साधन सर्वोत्तमच असते. म्हणून चार साधे प्रश्न विचारावेत.

पहिला, ते काय पाहते? वर्तन शिकणाऱ्या साधनाची नजर विस्तृत असते, पण त्याला ज्या प्रणालीच्या नोंदी दिल्या नाहीत ती प्रणाली त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. स्विफ्टच्या नोंदी जोडल्या नाहीत, तर उत्तमातील उत्तम साधनही तेथे आंधळे ठरते. आयटीडीआरची नजर अरुंद, पण खोल असते.

दुसरा, ते कोणाशी तुलना करते? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वर्षानुवर्षे चाललेला गैरप्रकार हीच यंत्राच्या दृष्टीने त्या माणसाची ‘नेहमीची रीत’ बनते. माणसाची तुलना केवळ त्याच्याच भूतकाळाशी केली, तर असा प्रकार दिसणार नाही. त्याच पदावर, त्याच कामावर असलेल्या इतर शाखांतील सहकाऱ्यांशी तुलना केली तर तो उठून दिसण्याची शक्यता असते. म्हणून समगट-तुलना करणारे साधन पसंत करावे.

तिसरा, ते केवळ सांगते की थांबवतेही? चोरलेल्या ओळखीच्या बाबतीत मिनिटांना मोल असते. तेथे वाटेतच अडवणारे आयटीडीआर उजवे ठरते. आतल्या माणसाच्या गैरवापरात मात्र त्याला फारसे काही दिसत नाही, कारण प्रवेश कायदेशीरच असतो. तेथे वर्तन शिकणाऱ्या साधनाचा उपयोग.

चौथा, इशारा कोण वाचणार? समजा, एका संस्थेत दिवसाला एक लाख लॉग-इन होतात आणि साधन हजारात एकदाच चुकते. तरीही रोज शंभर खोटे इशारे आले. प्रत्येकाच्या शहानिशेला पंधरा मिनिटे धरली तरी पंचवीस तास झाले, म्हणजे आठ तासांच्या पाळीतील तीन माणसांनाही ते पुरे पडणार नाहीत. त्यात ३१ मार्च जवळ आला की सारी बँकच रात्री उशिरापर्यंत जागते आणि सर्वांचेच वर्तन ‘अस्वाभाविक’ होते. साधनाला हे दिनमान आधी शिकवावे लागते. उलट, सुट्टीच्या दिवशीची शांतता हल्लेखोरांना प्रिय असते. पुण्यातील हल्ल्याची सुरुवात शनिवारी झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेचे ८.१ कोटी डॉलर फिलिपाइन्सला वळवले गेले, तेही तेथील साप्ताहिक सुट्टी तोंडावर असताना. रिझर्व्ह बँकेने जून २०१६ च्या सायबर सुरक्षा परिपत्रकात अखंड देखरेखीच्या केंद्रावर भर दिला, त्याचे मर्म येथे आहे. इशारा वाचणारा जागा नसेल, तर साधन असून नसल्यासारखेच.

तात्पर्य, ही घराणी एकमेकांची स्पर्धक नसून पूरक आहेत. मोठ्या संस्थेने आधी नोंदी पूर्ण कराव्यात, मग ओळखीच्या कोठारावर पहारा बसवावा आणि त्यानंतर वर्तनाच्या विश्लेषणाकडे वळावे. अपुऱ्या नोंदींवर महागडे विश्लेषण बसवणे म्हणजे पायाआधी कळस. शिवाय ही साधने मूलभूत शिस्तीला पर्याय नव्हेत. स्विफ्ट आणि मुख्य प्रणाली यांची थेट जोडणी हा दुसऱ्या घटनेतून निघालेला साधा उपाय होता. रिझर्व्ह बँकेने त्यासाठी ३० एप्रिल २०१८ ही मुदत दिली होती.

सहकाऱ्यांसाठी आणि ग्राहकांसाठी

सहकाऱ्यांना एक कळकळीची विनंती. ‘जरा माझ्या लॉग-इनवर एवढी नोंद करून ठेव’, हे वाक्य शाखेत सौजन्याचे वाटते. परंतु एका ओळखीखाली तिघे काम करू लागले की यंत्र तिघांच्या सवयींची सरमिसळ शिकते आणि चौथा, परका माणूस त्या गर्दीत सहज लपतो. उद्या गैरव्यवहार झाला, तर नोंद तुमच्याच नावावर असेल. या पहाऱ्यामुळे आपल्यावर अविश्वास दाखवला जातो, असे मानू नये. निरपराध कर्मचाऱ्याच्या बाजूने साक्ष देणारी नोंदही हीच साधने ठेवतात. अर्थात, कोणती माहिती कशासाठी नोंदली जाते हे कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगणे हे संस्थेचे कर्तव्य आहे.

ग्राहकांच्या बाबतीतही हीच दिशा आहे. डिजिटल देयकांच्या प्रमाणीकरणाबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत, व्यवहाराचे ठिकाण, वापरकर्त्याचे वर्तन, उपकरण आणि पूर्वीच्या व्यवहारांची रीत पाहून जोखमीनुसार जादा तपासणी करण्यास वाव दिला आहे. अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ठरवण्यात आली. त्यामुळे एखादे वेळी आपला व्यवहार अडला किंवा बँकेने ‘हा आपणच केला ना?’ असे विचारले, तर रागावू नये. ती अडवणूक नाही, राखण आहे.

मात्र अशी विचारणा खरी आहे की भामट्याची, हेही ओळखायला हवे. व्यवहार व सेवेसंबंधीच्या दूरध्वनीसाठी बँकांना १६०० ने सुरू होणारी क्रमांकमालिका ठरवून दिलेली आहे. खरा बँक कर्मचारी ओटीपी, पिन किंवा पासवर्ड कधीही विचारत नाही. शंका आल्यास दूरध्वनी बंद करून कार्डामागील अधिकृत क्रमांकावर आपण स्वतः संपर्क साधावा. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो; जितकी लवकर खबर, तितकी तो अडण्याची शक्यता अधिक.

खातेवहीच्या मेजावरचा तो अनुभवी लिपिक आता निवृत्त झाला आहे. त्याची स्मरणशक्ती आपण यंत्राला देऊ शकतो. परंतु धनादेश हातात घेऊन दालनापर्यंत जाण्याचा, ‘साहेब, हे जरा वेगळे वाटते’, असे सांगण्याचा त्याचा दक्षपणा यंत्राने इशारा दिल्यानंतरही माणसालाच दाखवावा लागतो. तो आपण सर्वांनी, मेजाच्या दोन्ही बाजूंनी, जपला पाहिजे.